ऑडिटमध्ये ‘कमकुवत पासवर्ड हॅश’चा शेरा आला? एमडी५ बंद करण्याचा क्रम, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

अंधेरी एमआयडीसी, ठाण्याचं वागळे इस्टेट, पलीकडे महापे. या पट्ट्यात सरकारी पोर्टलं बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांची दाटी आहे आणि त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला हा शेरा एकदा तरी येतो. ऑडिटचा अहवाल हातात पडतो, लाल नाहीतर केशरी चौकटीत लिहिलेलं असतं की पासवर्ड एमडी५ किंवा एसएचए-१ने, म्हणजे हॅश काढायच्या जुन्या पद्धतींनी साठवले आहेत. (हॅश म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेला ठसा, ज्यावरून सरळ उलट जाता येत नाही.) मग खात्याकडून फोन: ‘लवकर क्लोज करा, सर्टिफिकेट अडलंय.’ आणि काम जातं टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाकडे किंवा मुलीकडे, कारण वरवर पाहता बदल एका ओळीचा असतो.

जुनी पद्धत बंद करणं खरंच एका ओळीचं आहे. पण ती ओळ बदलल्यावर कोणाकोणाला दार लागणार, हे शोधण्यात बहुतेक वेळ जातो. मी हे काम वेगवेगळ्या पोर्टलांवर केलं आहे, पीएचपीवर आणि जावावरही. खालचा क्रम त्यातून ठरत गेला. उदाहरणं पोस्टग्रेस डेटाबेस आणि लिनक्स सर्व्हरची घेतली आहेत, कारण सरकारी कामात हीच जोडी जास्त भेटते.

एक सोय लक्षात ठेवा: सेटिंग, फाइल आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची.

हाताशी काय हवं

- ऑडिटचा पूर्ण अहवाल. मॅनेजर पुढे पाठवतात ती तीन रकान्यांची एक्सेल पुरत नाही. मूळ अहवालात कोणत्या पानावर, कोणत्या विनंतीत दोष सापडला याचे स्क्रीनशॉट असतात.
- टेंडर किंवा कार्यादेशातला सुरक्षेचा परिच्छेद.
- खऱ्या सर्व्हरसारखा स्टेजिंग (चाचणीचा) सर्व्हर, त्याच आवृत्त्यांचा.
- डेटाबेसचा सुपरयूजर आणि सर्व्हरचा रूट, दोन्हींसाठी खात्याची ईमेलवर लेखी परवानगी.
- बॅकअप, आणि तो परत चढवून पाहिल्याची खात्री. न तपासलेला बॅकअप नसल्यात जमा.
- पोर्टलला जोडलेल्या सगळ्या गोष्टींची यादी: मोबाइल ॲप, रिपोर्ट सर्व्हर, पेमेंट गेटवेची परतीची नोंद घेणारी स्क्रिप्ट, दुसऱ्या खात्याची वेब सेवा.
- खात्यातला एक माणूस, जो बदलाच्या रात्री फोन उचलेल. यादीतली सगळ्यात दुर्मीळ वस्तू हीच.

१. आधी ठरवा, कोणता नियम लागू आहे

‘सरकारी मानक’ म्हणून सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. आपल्याकडे बहुतेक वेळा मामला असतो सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीवरच्या ऑडिटरचा. सर्ट-इन २००४ पासून काम करते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली तिला अधिकार आहेत. यादीवरचा ऑडिटर पोर्टल तपासतो, दोष मिटले की ‘होस्ट करायला सुरक्षित’ असं प्रमाणपत्र देतो, आणि त्याशिवाय डेटा सेंटरवाले पोर्टल चढवू देत नाहीत. या ऑडिटरला पासवर्डसाठी बीक्रिप्ट, आर्गॉन२ किंवा पीबीकेडीएफ२ या मुद्दाम संथ ठेवलेल्या हॅश पद्धतींपैकी काहीही दाखवलं तरी सहसा चालतं.

पण टेंडरमध्ये ‘फिप्स १४०’ असे शब्द असतील तर गणित बदलतं. फिप्स १४० हे कूटलेखन करणाऱ्या उपकरणांसाठी आणि सॉफ्टवेअरसाठी अमेरिकी सरकारचं मानक. १४०-२ आलं २००१ मध्ये, १४०-३ आलं २०१९ मध्ये, आणि १४०-२ची उरलेली प्रमाणपत्रं २१ सप्टेंबर २०२६ला जुन्या यादीत जातात. मुंबईतल्या प्रत्येक सीएच्या ड्रॉवरमध्ये डिजिटल सहीचा जो यूएसबी टोकन असतो, त्याच्यावरही फिप्सचा उल्लेख सापडतो. त्यामुळे हा शब्द आपल्या टेंडरांमध्ये इतका रुळला आहे की लिहिणाऱ्याला नेमकं काय हवंय हे कधीकधी त्यालाही सांगता येत नाही. विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या: फक्त टोकन आणि एचएसएम (किल्ल्या जपणारं उपकरण) यांच्यापुरतं, की अख्ख्या सर्व्हरसाठी?

हे आधी विचारायचं कारण असं. बीक्रिप्ट आणि आर्गॉन२ मजबूत आहेत, पण फिप्सच्या मान्य यादीत नाहीत. तिथे पासवर्डसाठी चालतो तो पीबीकेडीएफ२. सगळं पोर्टल बीक्रिप्टवर नेल्यावर कोणी फिप्सचा कागद पुढे केला तर तेच काम पुन्हा करावं लागेल. शंका असेल तर सरळ पीबीकेडीएफ२ घ्या. पीएचपीवाल्यांनी इथे सावध राहायचं: त्यातलं ‘पासवर्ड_हॅश’ हे फंक्शन बीक्रिप्ट आणि आर्गॉन२च देतं, पीबीकेडीएफ२साठी ‘हॅश_पीबीकेडीएफ२’ वेगळं वापरावं लागतं आणि सॉल्ट (पासवर्डला जोडायचा यादृच्छिक मजकूर) आणि फेऱ्यांची (गणित किती वेळा फिरवलं त्याची) संख्या स्वतः साठवावी लागते.

साहेबांना ‘एमडी५मध्ये वाईट काय’ हे समजावायची वेळ येतेच. १९९२च्या या अल्गोरिदममध्ये २००४ साली दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश काढून दाखवला गेला, हे खरं. पण पासवर्डच्या बाबतीत खरी अडचण वेगाची आहे. बाजारात मिळणारं चांगलं ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात अब्जावधी एमडी५ काढतं. टेबल बाहेर गेलं की ‘मुंबई@१२३’ छापाचे पासवर्ड चहा संपायच्या आत उघडे पडतात. एसएचए-२५६ नुसता एकदाच फिरवला तरी गोष्ट फारशी वेगळी नाही. ‘एमडी५ हटवून एसएचए-२५६ टाकला, झालं’ असं म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. चांगला ऑडिटर पुढच्या फेरीत तोही पकडतो.

२. जुने हॅश कुठे कुठे बसलेत ते शोधा

युजर टेबल सगळ्यांना दिसतं. न दिसणारी ठिकाणं:

जुन्या पासवर्डांचं टेबल. ‘शेवटचे तीन पासवर्ड पुन्हा वापरू नयेत’ या नियमासाठी बनवलेलं असतं आणि त्यात सगळे एमडी५. मुख्य टेबल साफ करून हे तसंच सोडलं तर चोराला काहीच फरक पडत नाही, कारण लोक शेवटचा आकडा फक्त एकाने वाढवतात.

बदलांची नोंद ठेवणारी ट्रिगर टेबलं, ज्यात अख्खी ओळ जुन्या-नव्या किमतींसकट उतरते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ‘टेस्टिंगसाठी’ आणलेली खऱ्या डेटाची प्रत. रात्रीचे डम्प, म्हणजे डेटाबेसच्या पूर्ण प्रती. मोबाइल ॲपच्या आत ऑफलाइन लॉगिनसाठी साठवलेली फाइल. आणि ‘पासवर्ड विसरलात?’चा कोड, जो बऱ्याचदा लॉगिनच्या कोडपासून अगदी वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या माणसाने, वेगळ्या काळात लिहिलेला असतो.

कोडमध्ये ‘एमडी५’ आणि ‘एसएचए१’ हे शब्द शोधा, पण प्रत्येक सापडणं म्हणजे दोष नव्हे. फाइलचं नाव ठरवायला किंवा कॅशची किल्ली बनवायला वापरलेला एमडी५ पासवर्डच्या शेऱ्यात येत नाही. तो वेगळ्या यादीत लिहून ठेवा, पायरी ७ मध्ये तो परत भेटेल.

काही जुन्या पोर्टलांत पासवर्ड हॅश न करता एईएसने कुलूपबंद केलेले असतात आणि किल्ली शेजारच्या कॉन्फिग फाइलमध्ये. हा दोष जास्त गंभीर, पण दुरुस्ती उलट सोपी. स्क्रिप्टने एकदा उघडायचे, नव्या पद्धतीने हॅश करायचे, जुना रकाना रिकामा करायचा, किल्ली नष्ट करायची. पायरी ४ मधली गुंडाळणी तिथे लागत नाही.

शोधताना टेबल आधीच बाहेर गेल्याच्या खुणा दिसल्या, तर हात थांबवा आणि वर कळवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग जपायला सांगितलं आहे, त्यामुळे साफसफाईच्या उत्साहात लॉग पुसू नका.

३. ब्राउझरमधला एमडी५: इथे सगळे अडकतात

सरकारी पोर्टलांची ही खास परंपरा आहे. एके काळी सगळीकडे एचटीटीपीएस नव्हतं, आणि ऑडिटर म्हणायचे की पासवर्ड तारेवरून उघडा जाता कामा नये. मग युक्ती निघाली: सर्व्हर लॉगिन पानासोबत एक यादृच्छिक आकडा पाठवतो, ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट पासवर्डचा एमडी५ काढते, त्याला तो आकडा जोडते, पुन्हा एमडी५ काढते आणि पाठवते. सर्व्हरकडे पासवर्डचा एमडी५ असतोच, तोही तेच गणित करतो आणि जुळवतो.

यातली गोम पाहा. सर्व्हरला जुळवायला साठवलेला एमडी५ जसाच्या तसा लागतो. म्हणजे ज्याच्या हाती ते टेबल लागलं, त्याला पासवर्ड फोडायचीही गरज नाही. साठवलेला हॅश हाच पासवर्ड झाला. आणि तुम्ही टेबलात पीबीकेडीएफ२ भरला की हे लॉगिन त्या क्षणी बंद पडतं, कारण सर्व्हरकडे आता तो एमडी५ उरलेलाच नाही. ‘हॅश बदलला आणि कोणालाच लॉगिन होईना’ अशी तक्रार ऐकलीत तर दहातल्या नऊ वेळा कारण हे असतं.

त्यामुळे पहिला बदल डेटाबेसात करायचा नाही, लॉगिन पानावर करायचा. टीएलएस (एचटीटीपीएसमागचं कुलूप) १.२ किंवा १.३ सोडून बाकी सगळं बंद करा. मग जावास्क्रिप्टमधलं एमडी५चं गणित काढून टाका आणि पासवर्ड टीएलएसच्या आतून सर्व्हरकडे जाऊ द्या; एमडी५ काढून जुळवायचं काम तूर्त सर्व्हर करेल.

ऑडिटर यावर हरकत घेऊ शकतो: ‘प्रॉक्सीत पासवर्ड साधा दिसतोय.’ दिसणारच, प्रॉक्सी म्हणजे मधून वाहतूक वाचणारं साधन, आणि त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचं प्रमाणपत्र बसवून टीएलएस उघडलं आहे. काही ऑडिटर हे मान्य करतात, काही करत नाहीत. वाद घालण्यात आठवडे घालवू नका. मान्य होत नसेल तर सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने ब्राउझरमध्ये पासवर्ड आरएसए-ओएईपी या कूटपद्धतीने बंद करून पाठवा, सर्व्हरवर उघडा आणि मग हॅश करा. त्यासोबत एकदाच चालणारा आकडा ठेवा, म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवून आत शिरता येणार नाही. माझ्या मते टीएलएस नीट असेल तर हा थर जादा आहे, पण प्रमाणपत्र मिळवायला तो स्वस्त पडतो.

मोबाइल ॲप असेल तर तेही तपासा. ॲपमध्ये जुनं गणित भाजून ठेवलेलं असतं आणि सगळे लोक अपडेट करत नाहीत. ॲपसाठी लॉगिनचा नवा पत्ता काढा, जुना पत्ता ठरलेल्या तारखेपर्यंत ठेवा. एक मात्र पक्कं: जुना पत्ता चालू आहे तोवर त्या वापरकर्त्यांचा एमडी५ टेबलात राहणार, म्हणजे शेरा मिटणार नाही. ती तारीख खात्याकडून लेखी घ्या.

४. पोर्टलचे पासवर्ड नव्या पद्धतीवर न्या

‘पुढच्या लॉगिनला नवा हॅश बनवू’ ही पहिली सुचणारी वाट. ती अर्धीच आहे. वर्षातून एकदा, ३१ मार्चच्या आसपास कर भरायला उगवणारे लोक असतात, बदली होऊन गेलेले कर्मचारी असतात. त्यांचे एमडी५ टेबलात तसेच पडून राहतात. म्हणून गुंडाळणी करायची: साठवलेल्या एमडी५लाच पासवर्ड समजून त्याच्यावर पीबीकेडीएफ२ चढवायचा. कोणाला काही कळत नाही, कोणाचा पासवर्ड बदलत नाही, आणि टेबलातून उघडा एमडी५ एका रात्रीत जातो.

क्रम असा:

अ) पासवर्डच्या रकान्याची रुंदी आधी पाहा. एमडी५ ३२ अक्षरांचा, त्यामुळे रकाना नेमका ३२चाच असतो. तो २५५ करा. मायएसक्यूएलच्या जुन्या, सैल मोडमध्ये लांब मजकूर गुपचूप कापला जातो आणि चूक कळते ती सकाळी. पद्धत नोंदवायला एक वेगळा रकाना घाला: ‘जुना’, ‘गुंडाळलेला’, ‘नवा’.

ब) लॉगिनचा कोड असा बदला की तो तिन्ही प्रकार ओळखेल. हा कोड आधी चढवा, दोन दिवस राहू द्या, काही बिघडत नाही ना ते पाहा.

क) मग स्क्रिप्टने सगळे ‘जुना’ हॅश गुंडाळा. प्रत्येकाला वेगळा सॉल्ट, किमान १६ बाइटचा.

ड) माणूस बरोबर पासवर्डने आत आला की त्या क्षणी मूळ पासवर्डवरून थेट नवा हॅश बनवा आणि खूण ‘नवा’ करा.

इ) ठरलेल्या मुदतीनंतर, समजा ९० दिवस, जे अजून ‘गुंडाळलेला’ आहेत त्यांचा पासवर्ड रद्द करून मोबाइलवरच्या ओटीपीने नवा घ्यायला लावा. मोबाइल क्रमांक नसलेली खाती किती, ते आधीच मोजून खात्याला द्या.

फेऱ्या किती? ओवास्प या वेब सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला पीबीकेडीएफ२-एचमॅक-एसएचए-२५६साठी ६,००,००० फेऱ्यांचा आहे. आकडा डोळे मिटून टाकू नका, आधी तुमच्या सर्व्हरवर एका हॅशला किती वेळ लागतो ते मोजा. सकाळी दहाला अख्खं कार्यालय एकदम लॉगिन करतं, आणि दोन कोअरच्या सर्व्हरवर तेव्हा रांग लागते. उपाय फेऱ्या कमी करणं नव्हे, कोअर वाढवून मागणं. गुंडाळणीच्या स्क्रिप्टलाही वेळ लागतोच: एका हॅशला पाव सेकंद धरला तर एक लाख खात्यांना एका कोअरवर जवळपास सात तास. एका रात्रीत बसत नसेल तर तुकडे करा.

या पायरीवरचे चकवे बारीक आहेत आणि प्रत्येक जण छळतो.

स्क्रिप्ट चालू असताना कोणी पासवर्ड बदलला तर तुम्ही त्याच्यावर जुना लिहून बसाल. म्हणून अपडेट करताना अट घाला की ‘हॅश अजूनही मी वाचला तोच असेल तरच लिही’.

एमडी५ लहान अक्षरांत साठवलाय की मोठ्या? पीएचपी लहान देतं, डॉटनेटचा जुना कोड बऱ्याचदा मोठी अक्षरं आणि मध्ये आडव्या रेघा देतो. एमडी५ला फरक पडत नव्हता, कारण तुलना करताना कोणीतरी अक्षरं सारखी करून घेत होतं. गुंडाळल्यावर एकेक अक्षर महत्त्वाचं. स्टेजिंगवर वेगवेगळ्या वर्षांत उघडलेली खाती घेऊन तपासा, सगळी कालची घेऊ नका.

बीक्रिप्ट निवडलं असेल तर ते पासवर्डचे पहिले ७२ बाइटच पाहतं. इंग्रजीत ७२ अक्षरं, पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून २४. मराठीत लांब वाक्याचा पासवर्ड ठेवणारी माणसं आहेत, आणि त्यांचं अर्धं वाक्य वाया जातं. याच निमित्ताने युनिकोडचं सामान्यीकरणही ठरवून टाका: ‘ऱ’ हे अक्षर एक चिन्ह म्हणूनही येतं आणि र अधिक नुक्ता म्हणूनही. फोनवर एक, ऑफिसातल्या कीबोर्डवर दुसरं, आणि माणूस म्हणतो ‘पासवर्ड तोच आहे हो!’

बाइटच्या कच्च्या रूपातला एमडी५ बीक्रिप्टला कधी देऊ नका. मध्ये शून्य बाइट आला की काही लायब्ररी तिथेच थांबतात. सोळाच्या पायावरचा ३२ अक्षरी मजकूरच द्या.

जुन्या पासवर्डांच्या टेबलाचं काय? तेही गुंडाळता येतं, पण मी खात्याला ते रिकामं करायला सांगतो. तीन पासवर्डांची आठवण गेली तर फारसं बिघडत नाही.

५. पोस्टग्रेसचे स्वतःचे पासवर्ड

पोर्टल डेटाबेसला जोडतं ते खातंसुद्धा पासवर्डवर चालतं, आणि जुन्या पोस्टग्रेसमध्ये तो एमडी५च असतो. आवृत्ती १० (२०१७) मध्ये स्क्रॅम-एसएचए-२५६ ही जास्त सुरक्षित पद्धत आली, आवृत्ती १४ (२०२१) पासून तेच मूळ सेटिंग झालं, आणि आवृत्ती १८ मध्ये एमडी५ पासवर्ड ठेवला तर सर्व्हर ताकीद देतो. पण तुम्ही १७ वर आहात म्हणून सुटलात असं नाही. वर चढवताना जुने हॅश आणि बऱ्याचदा जुनी कॉन्फिग फाइलही सोबत येते.

आधी ‘पीजी_ऑथिड’ या कॅटलॉगमध्ये प्रत्येक रोलचा (डेटाबेसच्या खात्याचा) ‘रोलपासवर्ड’ कशाने सुरू होतो ते पाहा: ‘एमडी५’ की ‘स्क्रॅम-एसएचए-२५६’. सुपरयूजर लागतो. एमडी५वाल्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की तो कोण, कुठून जोडतो, कोणत्या ड्रायव्हरने. ‘रिपोर्ट_२’ हा रोल कोणाचा, हे शोधायला तुम्हाला निवृत्त झालेल्या माणसाला फोन करावा लागू शकतो. करा.

ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी, महत्त्वाचा. स्क्रॅमसाठी लिबपीक्यू १० किंवा वरची, जावासाठी जेडीबीसी ४२.२.० किंवा वरची, आणि मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम) असेल तर १.११ किंवा वरची लागते. जुन्या ड्रायव्हरवर ‘ऑथेंटिकेशन टाइप १० नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो. तो दिसला की पासवर्डशी झटू नका, ड्रायव्हर बदला.

मग:

१) ‘पासवर्ड_एन्क्रिप्शन’चं मूल्य ‘स्क्रॅम-एसएचए-२५६’ करा आणि कॉन्फिग पुन्हा वाचायला लावा. रीस्टार्ट लागत नाही. याने जुने हॅश बदलत नाहीत, पुढे ठेवले जाणारे पासवर्ड बदलतात.

२) प्रत्येक रोलचा पासवर्ड पुन्हा ठेवा. तोच ठेवला तरी चालतो, हॅश नवा बनतो. हे पीएसक्यूएलमधल्या ‘बॅकस्लॅश पासवर्ड’ने करा. ‘ऑल्टर रोल’मध्ये पासवर्ड उघडा टाइप केला तर तो सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि तुमच्या इतिहास फाइलमध्ये उतरू शकतो, आणि तिथून नवा शेरा तयार होतो.

३) शेवटी, कोणी कुठून कसं जोडायचं ते ठरवणाऱ्या ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’मध्ये ‘एमडी५’च्या जागी ‘स्क्रॅम-एसएचए-२५६’ लिहा.

हा क्रम उलटा केला तर सगळे बाहेर. सरळ क्रमाने केला तर मधल्या काळात काही तुटत नाही, कारण फाइलमध्ये ‘एमडी५’ लिहिलेलं असलं आणि रोलचा हॅश स्क्रॅमचा असला तर पोस्टग्रेस आपोआप स्क्रॅम वापरतं. ही सवलत खास अशा बदलासाठीच ठेवली आहे, तिचा फायदा घ्या.

फाइलमध्ये पहिली जुळणारी ओळ लागू होते, म्हणून वर कुठे ‘ट्रस्ट’ (पासवर्ड न विचारता आत सोडा) लिहिलेली ओळ राहिली नाही ना ते पाहा. ‘सगळे डेटाबेस’ असं लिहिलेल्या ओळीत प्रतिकृती सर्व्हरची जोडणी येत नाही, तिची ‘रेप्लिकेशन’ ओळ वेगळी असते. ती विसरली तर पोर्टल मजेत चालतं आणि शेरा मात्र उघडाच राहतो. बदलानंतर ‘पीजी_एचबीए_फाइल_रूल्स’ हा व्ह्यू पाहा, फाइलमधली चूक तिथे ओळीसकट दिसते.

६. लिनक्सची खाती

इथे काम थोडं आहे. ‘शॅडो’ फाइलमध्ये दोन डॉलर चिन्हांच्या मधे १ असेल तर तो एमडी५, ५ म्हणजे एसएचए-२५६वर आधारलेला, ६ म्हणजे एसएचए-५१२वर, वाय म्हणजे येसक्रिप्ट. ‘लॉगिन.डेफ्स’मध्ये ‘एन्क्रिप्ट_मेथड’ एसएचए५१२ करा, आणि पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या फाइलमध्येही पाहा, कारण पासवर्ड बदलताना बहुतेक वितरणांत पॅमचंच चालतं.

जुने हॅश इथेही आपोआप बदलत नाहीत. ‘चेज’ आज्ञेने पासवर्ड बदलायची सक्ती करता येते, पण फक्त माणसांच्या खात्यांवर. क्रॉन चालवणाऱ्या खात्यावर ती सक्ती लावलीत तर रात्रीचे जॉब न बोलता थांबतात.

७. फिप्स मोड: लागत असेल तरच

पायरी १ मध्ये ‘अख्ख्या सर्व्हरसाठी’ असं लेखी उत्तर आलं असेल तर हे वाचा, नाहीतर पुढे जा. फिप्स मोडमध्ये सर्व्हर फक्त फिप्सला मान्य असलेल्या पद्धती चालवतो. उगाच तो लावू नका, जे चालतंय ते मोडेल.

रेड हॅट लिनक्स ८ आणि ९वर ‘फिप्स-मोड-सेटअप’ने मोड चालू होतो आणि रीबूट लागतं, पण रेड हॅटचा स्वतःचा सल्ला सर्व्हर बसवतानाच तो चालू करण्याचा आहे. आवृत्ती १० मध्ये तर नंतर चालू करायची ती आज्ञाच काढून टाकली आहे. म्हणजे नवा सर्व्हर मागा, त्यावर हलवा.

मोड चालू झाला की ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररी एमडी५ देत नाही. इथे पायरी २ची ती वेगळी यादी उघडा: कॅशची किल्ली, फाइलची नावं, ईटॅग (वेब पानाच्या आवृत्तीची खूण), पोस्टग्रेसमधलं ‘एमडी५’ फंक्शन (आवृत्ती १४ पासून तेही ओपनएसएसएलवर विसंबतं), यांतलं जे जे ओपनएसएसएलकडून एमडी५ घेतं ते सगळं चूक देऊ लागतं. आणि पायरी ४ मधली ‘गुंडाळलेली’ खाती तपासायला एमडी५ काढावाच लागतो. म्हणून ९० दिवसांची मुदत संपून शेवटचं गुंडाळलेलं खातं निघेपर्यंत फिप्स मोड नको.

आणखी एक, यात लोक स्वतःलाच बाहेर कोंडतात: ईडी२५५१९ प्रकारची एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची) किल्ली या मोडमध्ये नाकारली जाते. रीबूटच्या आधी आरएसए किंवा ईसीडीएसएची किल्ली चढवून तिने एकदा लॉगिन करून पाहा, आणि डेटा सेंटरच्या कन्सोलची सोय हाताशी ठेवा.

८. रात्र निवडताना

महिनाअखेर नको, मार्च तर नकोच, गणपतीच्या आदल्या आठवड्यातही नको, कारण तेव्हा खात्यातलं कोणी जागेवर नसतं. शुक्रवारी रात्री केलंत तर शनिवार-रविवार फोन तुम्हालाच येणार. मंगळवार किंवा बुधवार बरा. ऑफिसात बसून करायचं असेल तर शेवटच्या लोकलचा हिशेब धरू नका. घाईत ‘पटकन रोलबॅक’ (बदल मागे घेणं) होतो तो असाच. राहायची किंवा घरून व्हीपीएनची व्यवस्था आधी करा, आणि पावसाळ्यात रेड अलर्ट असेल तर सरळ तारीख पुढे ढकला.

रोलबॅक कागदावर लिहिलेला असावा. पोस्टग्रेससाठी जुनी ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ परत ठेवून कॉन्फिग वाचायला लावणं, एवढंच. पोर्टलच्या टेबलासाठी मात्र परत फिरणं म्हणजे उघडे एमडी५ परत आणणं. ते टाळा. तिन्ही प्रकार ओळखणारा कोड आधीच चढलेला असेल तर तशी वेळ सहसा येत नाही. जुन्या टेबलाची प्रत ठेवलीच तर ती कुलूपबंद ठेवा आणि पुसायची तारीख लिहा.

सकाळी दहा ते बारा कोणीतरी लॉगवर डोळे ठेवून बसलं पाहिजे. फसलेल्या लॉगिनची संख्या आदल्या दिवशीच्या त्याच वेळेशी ताडून पाहा. थोडी वाढ चालते, दुप्पट झाली तर शोधा.

९. ऑडिटरला काय पाठवायचं

प्रत्येक शेऱ्यासमोर: काय बदललं, कोणत्या तारखेला, पुरावा. पुरावा म्हणजे ‘पीजी_ऑथिड’मधली फक्त सुरुवातीची अक्षरं दाखवणारा स्क्रीनशॉट, पोर्टलच्या टेबलात प्रकारानुसार खात्यांची संख्या, ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’च्या संबंधित ओळी, आणि लॉगिन विनंतीचा स्क्रीनशॉट ज्यात एमडी५ दिसत नाही. पूर्ण हॅश स्क्रीनशॉटमध्ये जाऊ देऊ नका. तो अहवाल पुढे कोणाकोणाच्या व्हॉट्सॲपवर फिरतो ते तुमच्या हातात नाही.

‘गुंडाळलेली’ खाती लपवू नका. पत्रात स्पष्ट लिहा: अमुक खाती संक्रमणात आहेत, अमुक तारखेला मुदत संपते, टेबलात उघडा एमडी५ एकही नाही. ऑडिटर हे सहसा मान्य करतो. त्याला कोडमध्ये एमडी५ सापडून त्याने विचारलं, तर तेच उत्तर सारवासारव वाटतं.

प्रमाणपत्रावर बऱ्याचदा तपासलेल्या कोडचा हॅश लिहिलेला असतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर कोडमध्ये एक ओळ बदलली तरी तो जुळत नाही. ९० दिवसांनी जुनी फांदी कोडमधून काढायची आहे, त्यामुळे ऑडिटरला आत्ताच विचारा की ते काढणं पुढच्या वार्षिक ऑडिटमध्ये धरायचं की छोट्या फेरतपासणीत, आणि तिचे पैसे कोण देणार, हे खात्याकडून तेव्हाच लिहून घ्या.